गोळी कमी करण्याचा धर्म

दिवाळी उरकली की नगर जिल्ह्याच्या पाथर्डी, जामखेड या तालुक्यांतल्या कितीतरी वाड्यावस्त्यांवरची कर्ती माणसे बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत गावाकडे फिरकत नाहीत. मागे उरतात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. निघण्याआधी मुलगा मेडिकलमधून बीपीच्या, शुगरच्या, गुडघ्याच्या गोळ्यांची दोन-तीन महिन्यांची पाकिटे आणून आईच्या हाती देतो. पुण्यात नोकरीला असलेला किंवा परदेशी स्थायिक झालेला मुलगा हेच काम फोनवरून करतो. दोघांचीही भावना खरी असते: आपण हयगय केली नाही. कायद्याचेही म्हणणे हेच आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्याने अन्न, वस्त्र, निवारा यांच्या जोडीला औषधोपचारही मुलांच्या कर्तव्यात धरला आहे आणि वृद्धांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली आहे. तेव्हा गोळी आणून देणे ही सेवा, याबद्दल घर, गाव आणि कायदा यांचे एकमत आहे. पण घरातल्या वृद्धाची एखादी गोळी कमी करणे हीसुद्धा सेवा असू शकते का, हा प्रश्न आपण धर्माच्या अंगाने कधी विचारत नाही. गोळी थांबवली म्हणजे हात आखडला, खर्चाला कंटाळले, म्हातारीच्या मरणाची वाट बघत बसले, असे लगेच बोलले जाते. माझे म्हणणे असे की विचारपूस केल्याशिवाय दिलेली गोळी ही अर्धीच सेवा आहे. त्या विचारपुशीतून एखादी गोळी बंद करावी लागली, तर ती बंद करणे हे देण्याइतकेच पुण्याचे काम आहे.

यासाठी आधी म्हातारपणी शरीरात काय बदलते ते नीट पाहिले पाहिजे. चाळिशीनंतर मूत्रपिंडांची गाळण्याची ताकद बहुतेकांत हळूहळू घटत जाते. यकृताचा आकार आणि त्यातून वाहणारे रक्त दोन्ही कमी होतात. अंगातले पाणी घटते आणि चरबीचे प्रमाण वाढते, त्यामुळे चरबीत मुरणारी डायझेपामसारखी झोपेची गोळी तरुणाच्या अंगातून जितक्या वेळात निघून जाते त्याच्या कितीतरी पट वेळ ती वृद्धाच्या अंगात रेंगाळते. रात्री घेतलेल्या गोळीची झिंग दुसऱ्या दिवशी दुपारी उंबऱ्यात अडखळायला लावते आणि खुब्याचे हाड मोडते. घरचे म्हणतात, पाय घसरला. रक्ताच्या तपासणीतही एक फसगत दडलेली असते. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. स्नायू झिजलेल्या ऐंशीच्या बाईत ते मुळातच थोडे तयार होते, म्हणून मूत्रपिंडे निम्मी थकलेली असूनही कागदावरचा आकडा चांगला दिसतो. त्या आकड्यावर विसंबून दिलेला पूर्ण डोस तिला जास्त होतो. ग्लिबेनक्लामाइडसारखी मधुमेहाची जुनी, स्वस्त गोळी अशा अंगात साचत जाते आणि साखर इतकी खाली नेते की घरच्यांना वाटते, म्हातारीला भ्रम झाला.

त्यात गोळ्या एकट्या येत नाहीत. रक्तदाबासाठी आज सर्रास दिल्या जाणाऱ्या एका गोळीत पुष्कळदा दोन औषधे असतात, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड. घरात तिला नुसती ‘बीपीची गोळी’ म्हणतात. गुडघ्यासाठी एसिक्लोफिनॅक किंवा डायक्लोफिनॅक चालू असते. ही तिन्ही औषधे वेगवेगळ्या बाजूंनी मूत्रपिंडाच्या रक्तपुरवठ्यावर ताण आणतात. एकेकटे औषध बहुधा सोसते, पण तिन्ही एकत्र आली आणि त्यात अंगातले पाणी कमी झाले, तर चार दिवसांत मूत्रपिंडे बंद पडू शकतात. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून नगर जिल्हा ओलांडत पंढरीला जाते. त्या वाटेवर ज्येष्ठाच्या उन्हात चालणारा, घामाने निथळणारा, घोटभर पाण्यावर दिवस काढणारा सत्तरीचा वारकरी डोळ्यांपुढे आणा. बीपीची गोळी तो नेमाने घेतो आणि पाय दुखतात म्हणून वेदनाशामक गोळी मागून घेतो. त्याच्या भक्तीत काही उणे नाही. गोळी देणाऱ्याच्या सेवाभावातही नाही. उणे आहे ते एका प्रश्नाचे: बाबा, आणखी कोणती गोळी चालू आहे? डायक्लोफिनॅक दिलेली मेलेली गुरे खाऊन आपल्या देशातली गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, हे उमगल्यावर २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके हळवे नाही, हे खरे. तरी मेलेल्या गुराच्या पोटातल्या औषधाची इतकी चौकशी झाली आणि घरातल्या आजोबांच्या पिशवीची होत नाही, ही गोष्ट मला सलते.

कधी गोळीच गोळीला जन्म देते. अॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने काहींच्या घोट्यांवर सूज येते. ती गोळीमुळे आली हे ध्यानात न आल्याने सुजेसाठी लघवीची गोळी दिली जाते. तिने पोटॅशियम घटते, थकवा येतो, रात्री चारदा उठावे लागते. मग थकव्याला टॉनिक, झोपेला आणखी एक गोळी. पॉला रोशन आणि जेरी गुरविट्झ या दोन संशोधक डॉक्टरांनी १९९७ मध्ये अशा साखळीकडे जगाचे लक्ष वेधले. मार्क बीअर्स या अमेरिकी डॉक्टरांनी १९९१ मध्ये वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादीच केली होती, आणि ती आजवर सुधारत आलेली आहे. सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामाइनही त्या यादीत आहे, कारण वृद्धांत त्याने लघवी तुंबते, तोंड कोरडे पडते, बुद्धी गोंधळते. औषधांमुळे अमेरिकेत दर वर्षी पासष्टीपुढची किती माणसे तातडीने रुग्णालयात भरती होतात, याचा अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आकडा एक लाखाच्या घरात होता, आणि त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश जणांना चारच प्रकारच्या औषधांनी तिथे पोचवले होते: वॉर्फरिन, इन्सुलिन, मधुमेहाच्या गोळ्या आणि रक्त पातळ ठेवणारी अॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलसारखी औषधे. आपल्याकडे देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर असतात तीच ही औषधे.

आता कोणी म्हणेल, एका औषधाचा दुसऱ्याशी विरोध ही बाहेरून आलेली कल्पना आहे, आपल्या लोकांना ती कळणार कशी? माझ्या मते आपल्याइतकी ही कल्पना क्वचितच कोणाच्या रक्तात भिनलेली असेल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्ध आहाराचे अठरा प्रकार सांगितले आहेत. देशाला विरुद्ध, काळाला विरुद्ध, मात्रेत विरुद्ध, माणसाच्या अवस्थेला विरुद्ध आणि संयोगाने विरुद्ध हे त्यांतले काही. दोन चांगल्या गोष्टी एकत्र आल्या की अपाय करतात आणि एकाला पथ्य ते दुसऱ्याला अपथ्य ठरते, हे त्या ग्रंथाने स्पष्ट मांडले. नीट योजलेले विषही औषध होते आणि चुकीने योजलेले औषध विष होते, हेही त्यातच आहे. दुधावर मासे खाऊ नयेत, मध आणि तूप समभाग घेऊ नये, हे न शिकलेल्या घरातही पाळले जाते. मग जी आजी नातवाच्या ताटातले दूध आणि आंबट फळ वेगळे करते, ती स्वतःच्या सात गोळ्या एका घोटात का गिळते? कारण ताट तिच्या अधिकारातले आहे आणि गोळी डॉक्टरच्या. तिथे ती श्रद्धेने हात जोडते. याच श्रद्धेपोटी झाडपाल्याचे औषध आणि काढा यांना ती औषधात धरतच नाही, आणि डॉक्टरांना त्याबद्दल सांगत नाही. खरे तर ज्येष्ठमध रोज मोठ्या प्रमाणात घेतले तर पोटॅशियम घटवते आणि रक्तदाब चढवते. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असलेल्याला ते जिवावर बेतू शकते.

तेव्हा वाद श्रद्धेच्या स्वरूपाचा आहे. श्रद्धा म्हणजे न विचारणे, असा अर्थ आपण कुठून आणला? याच नगर जिल्ह्यात, प्रवरेकाठी नेवाशाला, शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या गीतेवर ती टीका आहे, ती अर्जुनाच्या प्रश्नांवर उभी आहे. पुढ्यात साक्षात भगवंत असताना तो विचारत राहतो, पटले नाही तर पुन्हा विचारतो, आणि त्याला कोणी उद्धट ठरवत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याची वाट सांगताना वंदन, खोल विचारणा आणि सेवा ही तिन्ही एकत्र सांगितली आहेत. आपण वंदन ठेवले, सेवाही ठेवली, मधली विचारणा तेवढी गाळली. आणि तिच्याविना सेवा आंधळी होते. त्याच अध्यायात कर्म आणि अकर्म यांचा विचार आहे. करण्यात न करणे आणि न करण्यात करणे ज्याला दिसते तो शहाणा, असा त्याचा आशय. औषधाइतके चपखल उदाहरण त्याला मिळणार नाही. कशासाठी सुरू झाली हे कोणालाच आठवत नाही अशी गोळी पाच वर्षे रोज देत राहणे, हे दिसायला कर्म आहे, पण त्यामागे कर्ता नाही, विचार नाही. डॉक्टरांसमोर बसून, ही कशासाठी, अजून हवी का, हिच्याशी कोणती जुळत नाही, असे विचारून एखादी गोळी उतरवून घेणे हे दिसायला न करणे आहे, पण त्यात कर्त्याचे सगळे लक्ष ओतलेले असते.

यावर पहिला आक्षेप अधिकाराचा. डॉक्टर शिकलेले, आपण अडाणी, प्रश्न विचारणे हा आगाऊपणा नाही का? मला वाटते, इथे ज्ञानाच्या दोन जाती एकमेकींत मिसळल्या जातात. कोणती गोळी कशी काम करते, हे डॉक्टरांना कळते. पण नगरच्या हृदयतज्ज्ञांना गावातल्या डॉक्टरांची गुडघ्याची सुई दिसत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांना दोघांच्याही चिठ्ठ्या दिसत नाहीत, आणि एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी दोन चिठ्ठ्यांवर आले तर ते दुप्पट होते हे कोणाच्याच टेबलावर उघड होत नाही. वृद्धाच्या औषधांचे पूर्ण चित्र फक्त एका जागी असते, त्याच्या घरातल्या पिशवीत. त्या चित्रापुरता अधिकार घरच्यांचा आहे, आणि तो न बजावणे ही नम्रता ठरत नाही. सामान्य माणसाला हे पेलेल का, याचे उत्तर जामखेडने पन्नास वर्षांपूर्वी दिले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावोगावच्या, पुष्कळशा निरक्षर, पुष्कळशा दलित बायकांना आरोग्याचे ज्ञान दिले. बाळंतपण, जुलाब, कुपोषण, क्षय, कुष्ठरोग यांत त्या बायकांनी जे केले त्याची दखल जगाने घेतली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वैद्यकाचे ज्ञान लोकांपासून झाकून ठेवण्याची गरज नाही, ते वाटले की वाढते, ही त्या कामामागची धारणा होती. जी बाई लिहिता-वाचता न येताही जोखमीची बाळंतीण ओळखायला शिकली, तिच्या नातसुनेला सासूच्या गोळ्यांची यादी करून दवाखान्यात दाखवणे जड जाऊ नये. शिवाय हा भार एकट्या घराने उचलावा असेही नाही. फार्मसी व्यवसायाच्या २०१५ च्या नियमांनी औषध देताना रुग्णाला समजावून सांगणे, इतर औषधांशी होणाऱ्या संयोगाची कल्पना देणे हे फार्मासिस्टचे काम ठरवले आहे. मेडिकलच्या काउंटरवर ते मागून घ्यायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कमी करण्याची गोष्ट लोकांच्या हाती दिली तर ते मनानेच गोळ्या सोडतील आणि माणसे दगावतील. ही भीती रास्त आहे. अॅटेनोलॉल-मेटोप्रोलोलसारखी हृदयाची गोळी एकाएकी तोडली तर छातीत कळ येऊ शकते. फिट्सची गोळी, स्टिरॉइड, बरीच वर्षे घेतलेली झोपेची गोळी या तोडायच्या नसतात, उतरवत न्यायच्या असतात. म्हणूनच मी सोडण्याबद्दल बोलत नाही, विचारून उतरवण्याबद्दल बोलतो आहे. डॉक्टरांना न सांगता बंद केलेली गोळी हीही विचारणेविना केलेली कृतीच, तिचा दोष न विचारता दिलेल्या गोळीइतकाच. पण नीट पाहून कमी केल्या तर काय होते? इस्राएलमधले वृद्धोपचारतज्ज्ञ डोरोन गार्फिंकेल यांनी २०१० मध्ये घरी राहणाऱ्या ७० वृद्धांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांच्या निम्म्याहून अधिक औषधांबद्दल थांबवण्याचा सल्ला दिला गेला, बहुतेक थांबवता आली, पुन्हा सुरू करावी लागलेली फारच थोडी निघाली आणि बहुतेकांना पहिल्यापेक्षा बरे वाटले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावरून मोठा सिद्धांत मांडता येणार नाही. पण थांबवणे म्हणजे सोडून देणे, या समजाला धक्का देण्यापुरता तो पुरावा मला पुरेसा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१७ मध्ये औषधांपासून होणारी इजा टाळण्याची जगभरची मोहीम हाती घेतली, तेव्हा एकाच माणसाला चालू असलेली अनेक औषधे हा तिच्या मुख्य विषयांपैकी एक ठेवला.

अकोले तालुक्याच्या डोंगरातले कोणी म्हणेल, आमच्या म्हातारीला बीपीची पहिली गोळी मिळायची मारामार, तुम्ही कमी कसल्या करता? या माणसाचे म्हणणे मला सगळ्यांत जास्त लागते, आणि ते खोडून काढण्याची माझी इच्छा नाही. मात्र औषध न मिळणे आणि नको ते औषध मिळणे या दोन गोष्टी पुष्कळदा एकाच अंगावर येतात. जिला रक्तदाबाची गोळी सहा महिने मिळत नाही, तिलाच अंगदुखीला सुई आणि अशक्तपणाला सलाईन मात्र हटकून मिळते. तिची विचारपूस झाली तर एक गोळी सुरू होईल आणि दोन गोष्टी थांबतील.

धर्माच्या बाजूने येणारा आक्षेप निराळा. एकादशी सोडणार नाही, श्रावणी सोमवार सोडणार नाही, रोजे सोडणार नाही, आणि गोळीचा खाडा झाला तर मुलगा रागावेल, म्हणून उपाशीपोटी शुगरची गोळी घेतली जाते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न नसले तरी साखर खाली ओढतच राहते. व्रत आणि औषध यांत निवड करावी लागते असे दोन्ही बाजूंचे लोक मानतात, म्हणून डॉक्टरांना व्रत सांगितले जात नाही. सांगितले तर बहुतेकदा मात्रा किंवा वेळ बदलून वाट निघू शकते, आणि काहींना उपास नको असेही सांगावे लागते. श्रद्धा आणि उपचार एकत्र नांदतात हे सिद्ध करायला लांब जायला नको. साईबाबा सुरुवातीच्या काळात औषधे देत, पुढे उदी देऊ लागले, अशी नोंद साईसच्चरितात आहे, आणि त्याच शिर्डीत आज संस्थान मोठी रुग्णालये चालवते. उदी लावणाऱ्या आजोबांना मी काहीच म्हणणार नाही. आपण उपास धरतो, काढा घेतो, उदी पाण्यातून घेतो, हे सगळे त्यांनी डॉक्टरांसमोर न लाजता सांगावे, आणि डॉक्टरांनी ते न हसता ऐकावे, एवढेच माझे मागणे आहे.

शेवटचा प्रश्न मरणाशी जाऊन भिडतो. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न, पाणी आणि औषध नाकारून देह ठेवला. जैन परंपरेत अन्नपाणी सोडून देह ठेवण्याचा संथारा आहे, आणि आचार्य आनंदऋषींच्या नगरला तो परका नाही. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये संथारा हा गुन्हा ठरवला, तेव्हा त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. मग गोळी कमी करणे हे त्याच वाटेवरचे पहिले पाऊल आहे का? मला तसे वाटत नाही. विनोबांचा किंवा संथारा घेणाऱ्याचा निर्णय जगण्याचा हात सोडण्याचा असतो. निरुपयोगी किंवा घातक गोळी उतरवणे हे उरलेले जगणे अधिक जागे, अधिक पायांवरचे व्हावे म्हणून असते. दोहोंचे हेतू उलटे आहेत. तरीही त्या उदाहरणांत एक गोष्ट आहे जी आपल्या घरांत हरवली आहे: तिथे निर्णय ज्याचे शरीर त्याचा असतो. आपल्याकडे मुलगा विचारतो, सून विचारते, डॉक्टर विचारतात, आणि जिच्या पोटात गोळी जायची तिला कोणी विचारत नाही. रक्तदाबाचा आकडा किती असावा हे शास्त्र सांगेल, पण उठताना चक्कर येऊन पडण्याच्या भीतीने देवळात जायचे सोडायचे, की आकडा थोडा वर राहू द्यायचा, हे शास्त्र एकटे ठरवू शकत नाही. काकड्याला डोके जड नको, त्यासाठी रात्री तासभर जागे पडायची माझी तयारी आहे, असे आई म्हणाली तर तो वैद्यकाला उपयोगी पडणारा पुरावा आहे. त्यावरून डॉक्टर तिची झोपेची गोळी काही आठवड्यांत थोडी थोडी करून उतरवू शकतात, मध्ये अडचण आली तर थांबू शकतात. तिला झोपच हवी असेल तर तेही तिचेच म्हणणे, आणि मग पडण्याचा धोका तिला नीट सांगून, दुसरा काही उपाय आहे का ते शोधून पुढे जाता येते.